प्रश्न कोण विचारतो, आणि कोणाच्या खर्चाने?

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला प्रश्नांची सवय आहे. पीक किती आले, कर्ज किती थकले, बैल राहिले की विकले, हे तलाठ्याने, सोसायटीच्या सचिवाने आणि सावकाराने त्याला पिढ्यान् पिढ्या विचारले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने मराठवाडा-विदर्भातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यांत बीड होता. त्यानंतर या प्रश्नांत एका निराळ्या जातीच्या प्रश्नांची भर पडली. झोप लागते का, कामात मन रमते का, जगणे नकोसे वाटते का, अशी मनाची विचारपूस आशा कार्यकर्तीने दारोदार जाऊन करावी आणि जो खचला असेल त्याला दवाखान्याची वाट दाखवावी, अशी ही योजना. शेतकऱ्याच्या मनाचीही सरकारदरबारी दखल घेतली गेली, हे योग्यच झाले. तथापि ज्याला प्रश्न विचारले जातात त्याने उलट एक प्रश्न विचारावा की नाही, याचा विचार अद्याप व्हायचा आहे. हे प्रश्न कोणी तयार केले, त्यांवर कोणत्या औषधाचे उत्तर ठरले, आणि ते ठरविणाऱ्या विद्वानाचे पोट कोणाच्या पैशावर चालते, हा तो प्रश्न.

अशा पाहण्यांत जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सर्वांत परिचित आहे. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का, इथून तिचा सूर लागतो आणि मरणाच्या विचारांपाशी ती संपते. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या अमेरिकन संशोधकांनी ती तयार केली. २००१ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. यांपैकी स्पिट्झर हे साधे गृहस्थ नव्हेत. मानसिक आजारांची जी अमेरिकन सूची जगभर प्रमाण मानली जाते, तिची १९८० ची तिसरी आवृत्ती त्यांच्याच नेतृत्वाखाली सिद्ध झाली. या प्रश्नावलीच्या कामाला अनुदान दिले फायझर या औषध कंपनीने, आणि नैराश्यावरचे एक अत्यंत खपाचे औषध त्याच कंपनीचे होते. पुढे कंपनीने प्रश्नावली सर्वांना मोफत वापरासाठी खुली केली.

यावरून प्रश्नावली खोटी आहे असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. ती अनेक देशांत तपासली गेली आहे, आणि कोपऱ्यात मुकाट बसलेल्या कित्येक माणसांचे दुःख तिने बोलके केले आहे. हे अनुदान लपविलेलेही नव्हते. परंतु रोगी किती हे मोजण्याचे माप ज्याच्या खर्चाने घडले, त्याच्याच दुकानात त्या रोगावरची गोळी होती, ही गोष्ट जाणून घेण्याचा अधिकार मापाखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला आहे. बाजारात धान्य घालणारा शेतकरी काटा कोणाचा आहे हे आधी विचारतो. त्यात आडत्यावर चोरीचा आरोप नसतो. व्यवहाराची ती रीत असते.

हितसंबंध जाहीर करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, असा समज वैद्यकीय व्यवसायात आहे आणि चळवळीतही आहे. तो दूर व्हावा म्हणून मुंबईत वाढलेल्या आणि गोव्यात कर्मभूमी केलेल्या एका संशोधकाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. डॉ. विक्रम पटेल यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतले, इंग्लंडमध्ये मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि १९९० नंतरच्या दशकात दोन वर्षे झिंबाब्वेत काम केले. मूठभर मानसोपचारतज्ज्ञांच्या भरवशावर असलेल्या त्या देशात, तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर गरिबाला उपचार कधीच मिळणार नाही, हा धडा त्यांना मिळाला. १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. थोडे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य स्त्री-पुरुषांकडून समुपदेशन करून घ्यावे, ही त्यांच्या कामाची दिशा. गोव्यातील २४ दवाखान्यांत याची रीतसर चाचणी झाली आणि २०१० मध्ये तिचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीने रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. प्रतिकूल निष्कर्षही अनुकूल निष्कर्षाशेजारी छापला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

याच विचाराने विदर्भातही काम झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत टाटा ट्रस्टच्या साहाय्याने चाललेल्या उपक्रमाचा अहवाल राहुल शिधये, पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे त्यात नमूद आहे. कापसाच्या पट्ट्यात जे साधले ते बीडच्या बालाघाटावरही साधेल, अशी आशा त्यातून निर्माण होते.

आता या कारकिर्दीतही हितसंबंध आहेत. गोव्यातील चाचणीला पैसा दिला लंडनच्या वेलकम ट्रस्टने. त्या ट्रस्टची मूळ संपत्ती औषध कारखानदार हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून आलेली. शिवाय जी संस्था एखादी पद्धत घडविते आणि तिचा प्रसार करते, तीच त्या पद्धतीची परीक्षाही घेते, हादेखील एक हितसंबंधच होय. पद्धत यशस्वी ठरली तर संस्थेचे नाव होते, पुढचे अनुदान मिळते, विद्यापीठाची दारे उघडतात. पटेल पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले. यात निंद्य असे काहीही नाही. देणगीदाराचे नाव निबंधात छापलेले असते, निष्कर्ष उघड्यावर असतात, आणि म्हणूनच कोणालाही त्यांची फेरतपासणी करता येते. निरिच्छ संशोधक ही कल्पना साधुसंतांच्या चरित्रात शोभते. लोकशाहीत संशोधक निरिच्छ असण्याची अट नाही. त्याने आपल्या इच्छा उघड्या ठेवाव्यात, एवढीच अट आहे.

ही अट न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने २००८ साली पाहिले. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील मानसोपचार विभागाचे प्रमुख डॉ. चार्ल्स नेमेरॉफ हे त्या देशातील अत्यंत वजनदार संशोधक. सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत निघाले की, २००० ते २००७ या काळात त्यांनी औषध कंपन्यांकडून २८ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळविली आणि तीतील किमान १२ लाख डॉलर विद्यापीठापासून दडविले. ज्या कंपनीच्या औषधांवरील सरकारी संशोधनाचे ते प्रमुख होते, तिच्याकडून वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा अधिक घेणार नाही, असे आश्वासन त्यांनी २००४ मध्ये विद्यापीठाला दिले होते. त्याच वर्षी त्या कंपनीकडून १,७०,००० डॉलर आले. विद्यापीठाने त्यांचे विभागप्रमुखपद काढले. पुढच्याच वर्षी मायामी विद्यापीठाने त्यांना त्याच पदावर बोलाविले. नामांकित विद्वानाची लाज राखायला व्यवस्था किती तत्पर असते, हे यावरून कळते. तरी या प्रकरणांचा एक लाभ झाला. २०१० मध्ये कायदा झाला आणि ३० सप्टेंबर २०१४ पासून कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरला किती दिले, याची नोंद तेथील कोणत्याही नागरिकाला पाहता येऊ लागली.

उघड करणे आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही, हे भारतातील एका चाचणीने दाखविले. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ने २००५ मध्ये रिस्पेरिडोन या औषधाच्या चाचणीचा निबंध छापला. तीव्र उन्मादाच्या २९० भारतीय रुग्णांवर ती झाली होती. त्यांपैकी निम्म्यांना तीन आठवडे औषधाऐवजी निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषध जॉन्सन अँड जॉन्सनचे. लेखकांत त्या कंपनीचे कर्मचारी होते, आणि ही गोष्ट लपलेली नव्हती. नीतिसमित्यांची संमती होती, असे लेखकांचे म्हणणे. परंतु उन्मादावर लिथियमसारखे परिणामकारक औषध अनेक दशके उपलब्ध असताना इतक्या आजारी माणसांना निष्क्रिय गोळीवर ठेवणे कितपत योग्य, आणि या चाचणीसाठी भारतच का निवडला गेला, हे प्रश्न उभे राहिले. ते मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’शी संबंधित मंडळींनी विचारले, आणि २००६ मध्ये त्याच नियतकालिकात विक्रम पटेल यांनीही या चाचणीच्या नैतिकतेची चर्चा केली. म्हणजे व्यवसायाच्या आतूनच आवाज उठला. मात्र ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, लंडनच्या नियतकालिकात निबंधाच्या तळाशी छापलेली ओळ चाचणीतील रुग्णाच्या नातेवाइकापर्यंत पोचत नाही. निवेदन डॉक्टर डॉक्टरांसाठी करतात, आणि धोका पत्करणारा त्या वर्तुळाबाहेर राहतो.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे मूळ फार पूर्वी दाखविले आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मधील प्रसिद्ध निबंधात असे मांडले की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. भाजी सडकी निघाली तर उद्या दुसऱ्या दुकानी जाता येते. गोळीची गरज होती की नव्हती, हे रुग्णाला आयुष्यभर कळत नाही. डॉक्टर हा एकाच वेळी सल्लागार आणि विक्रेता असतो, म्हणून त्याच्यावरचा विश्वास ही त्या बाजाराची खरी पायाभरणी असते. तो विश्वास कोणी परस्पर विकत घेत असेल, तर किंमत रुग्ण मोजतो आणि पावती मात्र त्याला मिळत नाही.

बीडच्या वाचकाला हे सिद्धान्त समजावण्याची गरज नाही. मुकादम मजुराचा माणूस म्हणून गावात वावरतो आणि कमिशन कारखान्याकडून घेतो. उचल घेतलेला मजूर फडावर कोणाचा असतो, हेही जिल्ह्याला ठाऊक आहे. फरक इतकाच की मजूर पोटासाठी उचल घेतो आणि ती गावभर सर्वांना माहीत असते. विद्वानाची उचल परिषदेच्या प्रवासखर्चात, व्याख्यानाच्या मानधनात आणि सल्लागारपदात दडलेली असते. सल्लागार आणि विक्रेता एकच असण्याचा परिणाम या जिल्ह्याने स्त्रियांच्या देहावर पाहिला आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळी आली तर खाडा, खाडा झाला तर दंड, आणि ज्याच्याकडे सल्ला मागायचा त्याचेच उत्पन्न शस्त्रक्रियेवर अवलंबून. या साखळीत प्रत्येकाचा हितसंबंध होता. उघड मात्र कोणाचाच नव्हता.

येथे चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. शेतकऱ्याच्या आत्महत्येचे कारण कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव, हे सांगणे समाजवादी कार्यकर्त्याला सोयीचे आहे आणि बव्हंशी ते खरेही आहे. परंतु त्यापुढे जाऊन मानसिक आजार हे भांडवलशाहीचे थोतांड आहे, गोळ्या हा धंदा आहे, असे बोलणे म्हणजे एका अर्धसत्याला दुसऱ्या अर्धसत्याने उत्तर देणे होय. तसाच कर्जबाजारी असलेला शेजारी तग धरतो आणि एक जण रात्री विहिरीकडे जातो, तेव्हा त्या एकाला कर्जमाफीइतकीच, आणि त्या रात्री तर कर्जमाफीच्या आधी, उपचाराची गरज असते. सरकारचा सोयीचा पक्ष उलट बाजूचा आहे. मृत्यू आजाराने झाला म्हटले की शेतमालाच्या भावाचा जाब चुकतो. मदतीच्या नियमांनी हा पेच आणखी घट्ट केला आहे. आत्महत्या कर्ज आणि नापिकी यांमुळे झाली असे ठरले तरच कुटुंब एक लाख रुपयांच्या मदतीस ‘पात्र’ ठरते. त्यामुळे घरातील माणूस वर्षभर खचलेला होता हे सांगण्यात विधवेचे नुकसान, आणि ते शोधून काढण्यात कचेरीचा फायदा. अशा ठिकाणी खरे कारण कोणाच्याच तोंडून बाहेर पडत नाही. हितसंबंध जाहीर करण्याचा नियम संशोधकाला लावताना पक्षानेही आपला कल जाहीर करावा आणि मग पुरावा पाहावा.

कायद्याची स्थिती काय आहे? भारतीय वैद्यक परिषदेने २००२ च्या आचारनियमांत २००९ मध्ये दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. त्याच दुरुस्तीत असेही कलम आहे की, कंपनीच्या पैशाने संशोधन करणाऱ्या डॉक्टरने त्या पैशाचा स्रोत आणि रक्कम आरंभीच जाहीर करावी. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांना या बंधनातून वगळण्यात आले. म्हणजे जे एकाला निषिद्ध ते अनेकांनी मिळून करावे. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले आणि तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते स्थगित केले. जुने नियम पुन्हा लागू झाले. कंपन्यांसाठी १२ मार्च २०२४ रोजी विपणनाची नवी संहिता आली, पण तक्रारीचा निवाडा करायचा तो कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर कंपन्यांना आयकराची सवलत नाकारली, हा त्यातल्या त्यात ठोस दिलासा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या ९९ व्या कलमाने मनोरुग्णावरील कोणत्याही संशोधनासाठी त्याची स्वेच्छेची आणि माहितीपूर्ण संमती अनिवार्य केली आहे. संशोधकाचा पगार आणि मानधन कोठून येते हे ज्याला सांगितले नाही, त्याची संमती माहितीपूर्ण कशी म्हणावी?

आक्षेप असा घेतला जाईल की, एका लेखणीने किंवा एका जेवणाने प्रामाणिक डॉक्टर विकला जात नाही, आणि अशा नोंदींमुळे चांगले लोक संशोधनापासून दूर जातील. प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, यात शंका नाही. परंतु २००२-०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवडणुकीतील उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरील खटले जाहीर करणे भाग पडले, तेव्हाही हेच म्हटले गेले. उमेदवारांची वाण पडली नाही. मतदाराला पाच वर्षांसाठी ज्याच्या हाती सत्ता द्यायची त्याची मिळकत कळते. मग ज्याच्या हाती मन आणि देह सोपवायचा, त्याचे मानधन कळू नये, हा कोणता न्याय?

म्हणून मागण्या तीन आणि त्या साध्या असाव्यात. पहिली, २००९ च्या त्या कलमाची अंमलबजावणी कागदावरून भिंतीवर यावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण जनतेसाठीच निघाले. तेथून आरंभ करून प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चालू संशोधनाचे नाव, पैसा देणारा आणि रक्कम यांचा फलक बाह्यरुग्ण विभागात मराठीत लागावा. दुसरी, महाराष्ट्र वैद्यक परिषदेने कंपन्यांकडून डॉक्टरांना आणि त्यांच्या संघटनांना मिळणाऱ्या रकमांची सार्वजनिक नोंदवही ठेवावी. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची, कारण पहिल्या दोन तिच्यावाचून अपुऱ्या आहेत. संशोधनाला सार्वजनिक पैसा मिळावा. लिथियमचा उन्मादावरील उपयोग जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखविला. तो एक स्वस्त क्षार आहे, त्यावर कोणाची मक्तेदारी नाही, म्हणून त्याच्या नव्या चाचणीत कोणत्याही कंपनीला रस नाही. आशा कार्यकर्तीच्या दोन शब्दांनी किती माणसे तगतात, हे मोजण्यातही नफा नाही. जेथे नफा नाही तेथे पैसा सरकारने घालायचा असतो. तो घातला नाही तर हुशार तरुण संशोधक कंपनीच्या दारात उभा राहील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला उरणार नाही.

तोवर तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी करण्यासारखे काम आहे. आशा भगिनींच्या मानधनाच्या लढ्यात पक्ष त्यांच्या बरोबर असतो. त्याच बैठकांत त्यांच्या हातातील प्रश्नावलीची माहितीही व्हावी. गावात पाहणी आली, शिबिर आले, चाचणी आली की ती कोणाची आणि कोणाच्या खर्चाने, हे ग्रामसभेत विचारले जावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहिले जावे. खचलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत नेताना हा प्रश्न आड येऊ नये. तसाच दवाखान्याच्या आदराखाली तो गिळलाही जाऊ नये. झोप लागते का, असे विचारणाऱ्याला मनापासून उत्तर द्यावे, आणि त्यानंतर, तुम्हाला कोणी पाठविले, हेही तितक्याच मनमोकळेपणाने विचारावे.